उद्या आठ वाजेपर्यंतची भीती

प्रिय भुंगे,

रोज फोनवर बोलतो, उद्या सकाळी सातला तू इथे येणारच आहेस, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. शाळेत बाई 'पत्रास कारण की' पहिल्याच ओळीत लिहायला लावायच्या. मला आज ते जमत नाहीये. कारण शेवटी लिहीन, तोवर थांब माझ्याबरोबर. पण ताकाला जाऊन भांडंही लपवत नाही. उद्या आठ वाजता माझ्या मेंदूचं ऑपरेशन आहे, मी घाबरले आहे, आणि ती भीती ऑपरेशनची नाही. मला तुला एक खरं सांगायचं आहे. ते कळल्यावर तू मला ताई म्हणशील की नाही, याची ही भीती आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. डाव्या हाताला सुई टोचलेली आहे, कागद धरता येत नाही, म्हणून डब्याचं झाकण कागदावर ठेवून लिहिते आहे. तुझे भाऊजी समोरच्या खुर्चीत पेपर वाचायचं नाटक करत बसले आहेत. अर्धा तास झाला, एकच पान चाललंय. माझ्या डोक्याला हे एवढं पांढरं मुंडासं बांधलंय, त्यामुळे गेले दहा दिवस ते मला 'महाराज' म्हणतात. महाराज चहा घेणार का, महाराज कूस बदलणार का. मुंडाशाखाली कवटीला नऊ बारीक भोकं पाडून त्यांतून तारा आत सोडल्या आहेत आणि सगळ्या मागे एकत्र बांधून भिंतीवरच्या पेटीत नेल्या आहेत. लहानपणी मला लांब वेणी हवी असायची आणि आई दर दोन महिन्यांनी कात्री घेऊन बसायची. आता आहे बघ वेणी, पलंगापासून भिंतीपर्यंत. वर कोपऱ्यात कॅमेरा आहे, तो दिवसरात्र आमच्याकडे बघतो. आपण घोरत नाही असं तुझ्या भाऊजींचं वीस वर्षं म्हणणं होतं. आता त्याचं रेकॉर्डिंग आहे.

आपल्या घरात भित्री भागूबाई मी, हे तुला सांगायला नकोच. तू सहा वर्षांची असताना पाण्याच्या टाकीवर चढून बसायचीस आणि मी खाली उभी राहून रडायचे. पुढे मी गाडी शिकवायचा धंदा काढला तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. पण मला ते काम आवडण्याचं कारण साधं होतं. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाकी जगात कुठेही तो नसतो. एकोणीस वर्षं मी त्या ब्रेकच्या जोरावर काढली. शिकणारी पोरं मागे मला ब्रेकबाई म्हणायची. समोर रस्ता मोकळा आहे, उन्हात कुत्रंसुद्धा नाही, आणि अचानक माझ्या पोटात काहीतरी उठायचं, वर छातीपर्यंत चढायचं, जळक्या रबराचा वास यायचा आणि आता काहीतरी भयंकर होणार असं वाटून मी ब्रेक दाबायचे. मिनिटभराने सगळं शांत. 'मॅडम, काय झालं?' 'काही नाही, बघत होते तुमचं लक्ष आहे का.' त्या वासासाठी मी तीन गॅरेजवाल्यांशी भांडले. सगळे म्हणाले, बाई, गाडीत काहीही जळत नाहीये.

आठ महिन्यांपूर्वी ते कंपाउंडर आजोबा शिकायला आले नसते, तर अजूनही मी गॅरेजवाल्यांशी भांडत असते. सदुसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आलेला माणूस, आयुष्यभर दवाखान्यात औषधं बांधली. एक दिवस सिग्नलला गाडी उभी होती तेव्हा ते म्हणाले, 'मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही मला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारलात. आणि विचारताना तुमचे ओठ नुसतेच हलत होते.' मी हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नाही. त्यांनी हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात ठेवली, मला रिक्षात बसवलं आणि स्वतः बरोबर आले. दुसऱ्या आठवड्यात मी लायसन्स परत केलं, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी फोनवर मी फार रडले आणि तू मला समजावत होतीस. तुला वाटलं, मी धंद्यासाठी रडते आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. मेंदूत उजव्या कानाच्या आतल्या बाजूला बदामाएवढा एक भाग असतो, त्याचं काम भीतीशी जोडलेलं आहे. माझ्या फिट्स तिथून सुरू होत असाव्यात. फिट म्हणजे खाली पडून हातपाय झाडणंच नव्हे. कुणाची फिट म्हणजे नुसता वास असतो, कुणाची म्हणजे नुसती भीती. लहानपणापासून मला जी भीती वाटायची ती बऱ्याच वेळा भीती नव्हतीच, ठिणगी होती. गोळ्यांनी ती थांबत नाही. मग नक्की कुठून उठते ते शोधायचं आणि तो तुकडा काढून टाकायचा. शोधायचं म्हणजे तारा आत घालून, गोळ्या कमी करून, ती कधी येते याची वाट बघत पडून राहायचं. लोक भीती जावी म्हणून दवाखान्यात येतात आणि मी ती यावी म्हणून पडून राहिले होते.

माझ्या हातात दोरीला बांधलेलं एक बटण दिलं होतं. भीती आली की दाबायचं. दाबलं की यंत्रात त्या क्षणावर खूण पडते, आणि तुझ्या भाऊजींनी वहीत वेळ लिहायची, मी काय बोलले ते लिहायचं. पहिले तीन दिवस काहीच नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरून बसावं आणि कुणी फिरकू नये, तशी गत. चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना पोटात उठलं, वर चढलं, रबराचा वास आला. मी बटण दाबलं. भाऊजींनी लिहिलं, 'नऊ दहा. म्हणाली, आला बघ वास.' दुपारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर रेघा दाखवल्या. एकाखाली एक, शांत चाललेल्या, आणि नऊ दहाला त्यातल्या दोन रेघा पिसाळल्या होत्या. उजव्या बदामातल्या तारेच्या. एक मिनिट वीस सेकंद, मग परत शांत. मी ते बघितलं आणि मला रडू फुटलं. भुंगे, मी भित्री नव्हते गं. इतकी वर्षं मला सगळ्यांनी जे चिडवलं ते मी नव्हतेच. माझा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या मनात आलं, की मग ती दुपारही फिटच असणार.

कुठली दुपार ते तू ओळखलं असशील. चौदा वर्षं झाली. तू शेजारच्या बाईंच्या फोनवरून मला कळवलं होतंस, 'ताई, पाच वाजता ये. मी बॅग घेऊन फाटकापाशी उभी राहते. तो सहाशिवाय येत नाही. आज नाही निघाले तर कधीच नाही निघणार.' मी येते म्हणाले. आणि मी आले नाही. साडेसहाला शेजारच्या बाईंना निरोप दिला की वाटेत गाडी बंद पडली, क्लचची केबल तुटली, भुंगीला सांगा. तू त्यानंतर तीन वर्षं त्या नवऱ्याच्या घरात काढलीस. मग एका सकाळी तीच निळी बॅग घेऊन, बस पकडून, एकटी माझ्या दारात येऊन उभी राहिलीस. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय म्हणालीस आठवतं? 'तुझी गाडी झाली का गं नीट?' आणि हसलीस. मी बोलायला लागले तेव्हा तू मान वळवून उजवा कान पुढे केलास, आणि मला कळलं की डाव्या कानाने तुला ऐकू येत नाही.

माझ्या त्या वर्षीच्या वाढदिवसाला तू मला गाडी ओढायचा दोर दिलास, लाल रिबीन बांधून. पुन्हा बंद पडलीस तर कुणालातरी ओढायला सांग, म्हणालीस. सगळे हसले, मीही हसले. तो दोर अकरा वर्षं माझ्या डिकीत होता. एकदाही लागला नाही. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याने मागितला, मी दिला नाही. कपाटात ठेवला आहे.

तर चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तुला पत्र लिहायला घेतलं. हे नव्हे, पहिलं. तीन पानं झाली. त्यात लिहिलं होतं की डॉक्टरांनी मशीनवर बघितलंय, ती भीती माझी नव्हती, आजाराची होती, त्या दिवशी तुझ्याकडे यायला निघालेली ताई खरी होती आणि जी पोचली नाही ती एक ठिणगी होती. छान लिहिलं होतं गं. वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं आणि उलट तूच माझी समजूत काढली असतीस. ते पत्र मी उशीखाली ठेवलं आणि कितीतरी वर्षांनी गाढ झोपले.

सहाव्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. पडद्यावर तुझं नाव दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी बटण दाबलं आणि मग फोन उचलला. तू म्हणालीस, 'चष्म्याच्या दुकानातून आठवड्याची रजा काढलीय, ऑपरेशनच्या सकाळी सातला हजर होते, तू आत जाईपर्यंत तुझा हात सोडणार नाही.' मी हं, हं करत होते. भाऊजींनी वहीत लिहिलं, 'चार वीस. काही बोलली नाही.' दुसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या, वही बघितली, रेघा बघितल्या आणि म्हणाल्या, 'चार वीसला इथे काहीच नाहीये. नाडी धावलीय, पण बदाम शांत आहे. काय झालं होतं तेव्हा?' तुझ्या भाऊजींनी सांगितलं, मेहुणीचा फोन आला होता. त्या हसल्या. म्हणाल्या, 'मेहुणीला नवरे घाबरतात, बायका कधीपासून घाबरायला लागल्या?' दोघंही हसले. खाई त्याला खवखवे, मला हसता येईना. मी म्हटलं, पुन्हा बघा, चुकलं असेल. त्यांनी पुन्हा बघितलं. मी म्हटलं, दुसऱ्या तारेवर बघा. त्यांनी सगळ्या तारा मला एक एक करून दाखवल्या. शेवटी बटण माझ्या हातातून घेऊन नीट गादीवर ठेवलं आणि म्हणाल्या, 'घाबरायला प्रत्येक वेळी आजार लागतोच असं नाही. ही तुमची स्वतःची भीती आहे. हिच्यासाठी बटण दाबायचं नाही.'

मग मी त्यांना विचारलं, हळूच, तुझे भाऊजी ऐकणार नाहीत अशा बेताने, की फिटची भीती जास्तीत जास्त किती वेळ टिकते. म्हणाल्या, मिनिट, दीड मिनिट, फार तर दोन. मी विचारलं, चाळीस मिनिटं? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. म्हणाल्या, सलग चाळीस मिनिटं फिट चालू असती, तर त्यानंतर तुम्ही गाडी चालवत घरी आला नसतात.

गाडीचं मी काहीच बोलले नव्हते. मी गाडी शिकवायचे एवढंच त्यांना माहीत, त्यामुळे सहज आलं असेल तोंडात. पण मला मात्र धडकी भरली.

आता ती खेळवाली मुलगी. तिच्याबद्दल मी तुला गमतीने सांगितलं होतं. माणूस निर्णय कसा घेतो, भीतीचा त्यात किती वाटा असतो, यावर तिचा अभ्यास आहे. एरवी जिवंत माणसाच्या बदामात तार कोण घालू देतंय, म्हणून आमच्यासारखे आयते सापडले की ती विचारून, सही घेऊन खेळ खेळते. पडद्यावर दोन पेट्या. डावीकडच्या पेटीत नक्की पाच गुण. उजवीकडच्या पेटीत कधी वीस गुण, नाहीतर कानात एकदम कर्कश किंचाळी. कुठली उघडायची ते ठरवा आणि बटण दाबा. रोज दुपारी दीडशे वेळा. मी बहुतेक डावीच उघडायचे, पण लगेच नाही. चार-चार, पाच-पाच सेकंद विचार करून. पोरगी बिचारी जांभया दाबत बसायची.

परवा तिचं काम संपलं. जाताना मी विचारलं, काय सापडलं गं माझ्या डोक्यात? तिने लॅपटॉप उघडून दाखवलं. म्हणाली, 'आजी' — आजी म्हणते बरं का मला, बावन्नाव्या वर्षी — 'तुम्ही पाच सेकंद थांबता ना, पण हे बघा, रेघ अर्ध्या सेकंदातच एका बाजूला झुकलेली दिसते. आणि ती ज्या बाजूला झुकते तीच पेटी तुम्ही पुढे उघडता. नेहमी नाही, पण पुष्कळदा.' मी विचारलं, मग मधले साडेचार सेकंद मी काय करत होते? ती म्हणाली, 'तेच तर आम्हाला अजून कळलेलं नाही. आणि हे या खेळापुरतं आहे हं, आयुष्याला लावू नका.' गुणी पोरगी. वायरी गुंडाळून निघून गेली. मी रात्रीचं जेवण तसंच परत पाठवलं.

कारण तिला जे अजून कळलेलं नाही ते मला माहीत आहे. मी सबबी तयार करत असते.

भुंगे, त्या दुपारी गाडी बंद पडली नव्हती. मी पोचले होते. पाचला दहा कमी असताना तुझ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, लाँड्रीसमोर मी गाडी लावली. फाटक तिथून शंभर पावलं असेल. तू उभी होतीस. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला होतास आणि निळी बॅग दोन पायांच्या मध्ये ठेवली होतीस. तू गुणगुणत होतीस. ऐकू येत नव्हतं एवढ्या लांबून, पण तुझी मान हलत होती, आणि तुला भुंगी हे नाव मीच ठेवलंय. मी फक्त पहिला गिअर टाकायचा होता. त्याच्या आदल्या आठवड्यात तुझा नवरा माझ्या गाडीत येऊन बसला होता, शिकायला आल्यासारखा. अगदी शांतपणे म्हणाला होता, 'आमच्या घरात लक्ष घालू नका, ताई. तुमचं घर कुठे आहे, तुमचे मिस्टर कुठल्या रस्त्याने कामावर जातात, मला सगळं माहीत आहे.' मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर गाडी थांबवली तेव्हा त्याचा तो आवाज माझ्या कानात होता. रबराचा वास आला नव्हता. पोटातून काही वर चढलं नव्हतं. मला वास आला तो लाँड्रीतल्या इस्त्रीच्या वाफेचा. मी पूर्ण शुद्धीत होते. मी त्याला घाबरले होते, बस.

चाळीस मिनिटं मी तिथे बसले. तू तीनदा घड्याळात बघितलंस. एकदा तू या बाजूला बघितलंस आणि मी सीटवर खाली सरकले. मी तुला सांगू, त्या चाळीस मिनिटांत मी जावं की न जावं याचा विचार केलाच नाही. कोपऱ्यावर गाडी थांबली तेव्हाच ते ठरलं होतं. मी विचार करत होते की सांगायचं काय. पंक्चर म्हटलं तर स्टेपनी होती. इंजिन म्हटलं तर गॅरेजचं बिल कुठे आहे, असं कुणीतरी विचारेल. मग क्लचची केबल सुचली. तिला बिल लागत नाही आणि ती बाहेरून दिसत नाही. एकोणीस वर्षांच्या धंद्यात तेवढी एक गोष्ट मी इतका विचार करून ठरवली. साडेपाचला तो आला, लवकर आला. माझ्या गाडीला घासून त्याची स्कूटर गेली, त्याने आत बघितलंही नाही. फाटकापाशी त्याने तुझ्या हातातून बॅग घेतली, पाहुण्याची घ्यावी तशी, आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून तुला आत नेलं. फाटक लागलं. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

घरी आल्यावर तुझे भाऊजी म्हणाले होते, 'केबल? मागच्या महिन्यात तर नवीन टाकली.' मी पानं वाढायला घेतली. त्यांनी परत कधी विचारलं नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही. आत्ताही पेपरच्या वरून माझ्याकडे बघतायत आणि मी मान वर केली की पान उलटतायत. मला वाटतं, त्यांना ठाऊक आहे.

तुझा कान, तुझं त्याने मोडलेलं मनगट, तुझी ती तीन वर्षं. हे तू कधी माझ्या नावावर टाकलं नाहीस, गाडीच्या नावावर टाकलंस, आणि मी टाकू दिलं. प्रत्येक वेळी तू 'तुझा तो खटारा' म्हणून चेष्टा करायचीस तेव्हा मला वाटायचं, आत्ता सांगावं. अर्ध्या सेकंदात ठरायचं की नाही सांगायचं, आणि पुढचा सगळा वेळ मी हसत राहायचे. पहिलं पत्र मी काल फाडून टाकलं.

आता कारण. डॉक्टरीणबाईंना मी काल विचारलं, बदाम काढल्यावर माझी सगळी भीती जाईल का? त्या म्हणाल्या, फिटची जाईल अशी आशा आहे. दुसऱ्या बाजूचा बदाम शाबूत राहतो, त्यामुळे रोजची भीती बहुतेक राहतेच. पण काही जण नंतर सांगतात की भीतीची धार बोथट झाली, पूर्वी ज्याला घाबरायचो त्याचं काही वाटेनासं झालं. कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. हे ऐकून तुझे भाऊजी खूश झाले. मी मात्र घाबरले. कारण उद्या आठनंतर कदाचित तुला हे सांगायला मला काहीच वाटणार नाही. सहज सांगून टाकीन, भाजी आणायची राहिली म्हणावं तसं. तसं नकोय मला. तुझी माफी मागायची तर ती घाबरूनच मागायला हवी, तुला गमावीन या भीतीने, तीच ती भित्री भागूबाई शिल्लक असताना. माझ्याकडे उद्या आठ वाजेपर्यंतच वेळ आहे. हे लिहितानाही यंत्र चालू आहे, छातीत धडधडतंय, आणि बटण मी उशीखाली सारून ठेवलंय. मी ते दाबणार नाही. ही कुणाची भीती आहे, ते मला आता माहीत आहे.

हे पत्र मी भाऊजींकडे देणार होते, मी आत गेल्यावर तुला द्या म्हणून. पण ते म्हणजे पुन्हा कोपऱ्यावर गाडी लावण्यासारखंच झालं. म्हणून सकाळी सातला मी हे माझ्या हाताने तुझ्या हातात दिलं असेल आणि इथेच वाच म्हटलं असेल. म्हणजे आत्ता तू पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून हे वाचते आहेस आणि मी तुझ्याकडे बघते आहे. खुर्ची मी मुद्दाम या बाजूला लावून घेतली, तुझा उजवा कान माझ्याकडे येईल अशी. दारही त्याच बाजूला आहे. तुला उठून जायचं असेल तर जा, मी हाक मारणार नाही. मी तुझ्यापाशी आले नाही, भुंगे. मला यायला हवं होतं. मला माफ कर. आता मान वर कर. या वेळी मी खाली सरकलेले नाही.

तुझीच,
भागूबाई